विंगेतला आवाज

माघातल्या उत्सवाच्या नाटकाला आठ दिवस उरले होते आणि सरदाराचं काम करणाऱ्या पोराचं बोटीवरचं जॉइनिंग आलं. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, मेडिकल, सगळं वर्षभरापूर्वीच करून ठेवलेलं, एजंटचा फोन तेवढा येत नव्हता, तो नेमका आत्ता आला आणि चौथ्या दिवशी मुंबईला हजर राहायचं होतं. त्याला कोणी काही बोललं नाही. बोलणार तरी काय, घराचं कर्ज, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि बोटीवरची नोकरी म्हणजे आमच्या गोव्यात देवाने दिलेला उजवा कौल. तो रात्री तालमीला आला, मास्तरांच्या पाया पडला, मेकअपच्या पेटीलाही हात लावून नमस्कार केला आणि गेला. आम्ही सगळे देवळाच्या पायऱ्यांवर तसेच बसून राहिलो. माझं त्या नाटकात सरदाराच्या बहिणीचं काम होतं, माझे चारपैकी तीन प्रवेश त्याच्याबरोबर. पडदेवाल्याला आगाऊ पैसे दिलेले, पेटी-तबल्याची माणसं ठरलेली, पत्रिका घरोघर गेलेल्या. मग कोणीतरी म्हणालं, अरे आबा आहेत ना. आणि सगळ्यांनी एकदम विंगेकडे बघितलं.

आबा आमचे प्रॉम्प्टर. वीजखात्यात लाईनमन होते, रिटायर होऊन चार-पाच वर्षं झाली, पण नाटकाचं हे काम ते एकतीस वर्षं करतायत. त्यांची वही बघण्यासारखी असते, अख्खं नाटक स्वतःच्या हाताने उतरवलेलं, दोऱ्याने शिवलेली, प्रत्येक पात्राची शाई वेगळी. टॉर्चच्या काचेला लाल जिलेटिनचा तुकडा चिकटवलेला, म्हणजे उजेड स्टेजवर फाकत नाही. पण खरं तर पहिल्या दहा तालमींनंतर ते वहीत बघतच नाहीत. कुठला नट कुठे अडखळणार हे त्यांना नटाच्या आधी कळतं, आपण श्वास चुकीच्या जागी घेतला की तिकडून हळूच शब्द येतो, शब्द पण नाही, शब्दाचं पहिलं अक्षर. मी गेली अठरा वर्षं त्यांच्या त्या अक्षराच्या भरवशावर उभी राहतेय. प्रेक्षकांत कोणाला कळत नाही, आणि कळू नये हेच त्यांचं काम. नटाच्या तोंडाबरोबर त्यांचंही तोंड हलत असतं, नायकाच्या वेळी नायकाचं, खलनायकाच्या वेळी खलनायकाचं, माझ्या वेळी माझं.

तर आबा नको नको म्हणत उभे राहिले. वयाचं कोणी मनावर घेतलं नाही, रंग लावला की सगळं झाकतं. पहिला प्रवेश माझ्याबरोबरचाच. मी माझं वाक्य टाकलं आणि त्यांचं वाक्य आलं, अगदी बरोबर, एक मात्रा इकडे तिकडे नाही, जिथे थांबायचं तिथे थांबून, जिथे मान वळवायची तिथे वळवून. पण कुजबुजत. मास्तर खालून म्हणाले, "आबा, मात्सो आवाज काडात." आबांनी मान हलवली, घसा खाकरला, पुन्हा सुरू केलं. पहिले तीन शब्द मोठ्याने आले आणि चौथ्या शब्दाला आवाज परत खाली, श्वासावर, त्या विंगेतल्या पातळीवर. पुन्हा. पुन्हा तेच. त्यांच्या मानेच्या शिरा मला हातभर अंतरावरून दिसत होत्या, डोळ्यांत सरदाराचा राग अगदी खरा होता, हात थरथरत होता, आणि तोंडातून येत होती ती फक्त हवा. देवळात इतकं शांत झालं की वरच्या वाशांतली वटवाघळं ऐकू यायला लागली. दोन रात्री असं चाललं. पाणी दिलं, खडीसाखर दिली, मास्तरांनी त्यांना एकट्याला मागच्या चौकात नेऊन ओरडायला लावलं. तिथे म्हणे थोडं जमलं, समोर माणसं आली की परत तेच.

शब्द सगळे होते, आवाज नव्हता.

तिसऱ्या रात्री आबा स्वतःच एका पोराला हाताला धरून घेऊन आले. स्कूटरवरून पार्सलं पोचवायचं काम करतो, गेल्या वर्षी भालदार म्हणून नुसता उभा होता. "हो करतलो," आबा म्हणाले, "हांव हांगा आसां." हा करेल, मी इथे आहे. आणि वही काखेत मारून विंगेत आपल्या जागी जाऊन बसले. नाटक झालं. बरं झालं. पोरगा निदान वीस ठिकाणी अडला आणि वीसही ठिकाणी तिकडून अक्षर आलं. शेवटच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या तेव्हा मी मुद्दाम विंगेत बघितलं, आबा टॉर्चवरचं जिलेटिन सोलून काढत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, सुटका झाल्याचा. तो भाव माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दुःख दिसलं असतं तर मी एवढी हलले नसते.

माझ्या मुलीच्या शाळेत मध्ये करिअर गाइडन्सचं लेक्चर झालं, पालकांनाही बोलावलं होतं. प्रत्येकाच्या आत पोटेन्शियल असतं, ते फक्त ओळखायचं आणि बाहेर काढायचं, असं त्या बाई सांगत होत्या, आणि मी मान डोलवत होते. नारळाच्या आत खोबरं असतं तसं, सोलून फोडलं की हातात. आबांना बघितल्यापासून मला ते पटेनासं झालंय. आबांच्या आत काहीच कमी नव्हतं. पाठांतर, समज, नाटकाची नस, सगळं आमच्या कुठल्याही नटापेक्षा जास्त. पण माणसात जे असतं ते तसंच्या तसं वाट बघत बसून राहत नाही, त्याला जी जागा मिळते तिचा आकार ते घेतं. एकतीस वर्षं कुजबुजलेला आवाज कुजबुजीत पारंगत होतो. इतका पारंगत की कोणी अर्ध्या तासाच्या नोटिशीवर म्हणेल, या आता उजेडात, तर तो येऊ शकत नाही. आणि आम्ही एकतीस वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं ते गरज पडली तेव्हा.

माझे आजोबा पोर्तुगेज काळातले. 1990 च्या पुढेमागे, म्हणजे मुक्तीला तीस वर्षं होत आली तेव्हासुद्धा, सरकारबद्दल काही बोलायचं झालं की ते आधी खिडकीकडे बघायचे आणि मग आवाज खाली आणायचे. मुख्यमंत्र्यांवर टीका असो की पंचायतीच्या नळावर, खिडकीकडे बघणं ठरलेलं. मला लहानपणी त्याची गंमत वाटायची, आता वाटत नाही. 1684 साली इथे फर्मान निघालं होतं की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. छापखाना भारतात पहिल्यांदा आला तो आमच्या गोव्यात, 1556 साली, शाळेत हे आम्हाला अभिमानाने शिकवलं, पण 1754 मध्ये इथलं छापणंच बंद करून टाकलं आणि ते परत सुरू व्हायला 1821 उजाडलं, हे मला खूप नंतर कळलं. पहिला छापखाना असलेल्या प्रदेशात दोन-तीन पिढ्या छापलेला कागद निघाला नाही. 1910 ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, जरा श्वास घेता आला, वाचनालयं निघाली, मराठी शाळा घराघरांत चालू झाल्या, आणि मग हुकूमशहा सालाझार आला आणि पुन्हा सेन्सॉर. लग्नपत्रिकासुद्धा मंजूर करून घ्यावी लागायची असं आजोबा सांगायचे. 18 जून 1946 ला मडगावला भर पावसात राममनोहर लोहियांनी सभा घेतली, पोलिसांनी त्यांना पकडलं, भाषण काही फार झालंच नाही. तरी तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो. मला आधी वाटायचं की न झालेल्या भाषणाचं एवढं काय. आता वाटतं की भाषणापेक्षा ते एवढी माणसं परवानगीशिवाय एका जागी उभी राहून मोठ्या आवाजात घोषणा देत होती, ते मोठं. किती जणांच्या गळ्यातून तो आवाज पहिल्यांदाच निघाला असेल.

आणि राज्य करणाऱ्यांचं तरी काय होतं. परवा माझा चुलतभाऊ पोर्तुगालच्या कागदांसाठी धावपळ करत होता, आज्याचा जन्मदाखला, नावातलं एक अक्षर चुकलेलं, त्याचं अॅफिडेविट. त्याच्याबरोबर रांगेत उभी राहिले आणि मोबाईलवर वाचत बसले. आमच्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या त्या देशात 1950 च्या सुमाराला दर दहा माणसांतल्या चारेक जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पश्चिम युरोपातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक. आमची बोलती बंद ठेवणाऱ्यांनी आपल्या घरच्यांचीही बंदच ठेवली होती. 25 एप्रिल 1974 ला तिथे क्रांती झाली, सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी फुलं खोचली, 1986 मध्ये ते युरोपच्या बाजारपेठेत सामील झाले, आणि आज आमची पोरं त्या पासपोर्टसाठी रांगा लावतायत. भावाला मी काही बोलले नाही. त्याच्या मुलाला तिकडे गोदामात काम लागलंय, इकडे तो इंजिनीअर होऊन दोन वर्षं नुसता अर्ज करत होता. देश चारशे वर्षांत जे करत नाही ते पन्नास वर्षांत करू शकतो, हे मला त्या रांगेत कळलं. पण मनाला गोड नाही लागलं.

माझी आई सत्तरीला आलेली. 1965 साली ती पहिलीत बसली, देवळाच्या अग्रशाळेत, जमिनीवर शेण सारवलेलं, पावसात एका कोपऱ्यात गळायचं म्हणून तो कोपरा सोडून मुलं बसायची. डिसेंबर 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी खेड्यापाड्यांत मराठी शाळा काढायचा सपाटा लावला, हे गोव्यातल्या कोणालाही सांगायला नको. इमारत नाही तर देऊळ, देऊळ नाही तर कोणाचा तरी सोपा. खाणमालक माणूस, स्वतःचं शिक्षण बेताचं, पण शाळेचं महत्त्व ज्याला शाळा मिळाली नाही त्याला जास्त कळतं. आईचे मास्तर सावंतवाडीकडून आले होते, एक ट्रंक आणि एक कंदील घेऊन. आई सांगते, मास्तरांची एकच पद्धत, प्रत्येकाने उभं राहून मोठ्याने वाचायचं. चुकलं तरी चालेल, पण मागच्या भिंतीला ऐकू गेलं पाहिजे. आई नवरात्रातल्या फुलासारखी लाजरी पोर, तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा मास्तर उठून देवळाच्या बाहेर जाऊन, पार तुळशीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, मला इथे ऐकू येईपर्यंत वाच. ती वाचत राहिली. किती वेळा ते तिला आठवत नाही. शेवटी मास्तरांनी तिथून हात वर केला. माझी आजी अंगठा लावायची, आणि तिची मुलगी पुढे बालवाडीत शिक्षिका झाली, तिचा आवाज आजही, अडुसष्ट वर्षांच्या वयात, रस्त्याच्या पलीकडे जातो. मुलं घाबरतात आजीच्या आवाजाला. मी नाही घाबरत, मला तो आवाज ऐकला की मास्तरांचा तो वर गेलेला हात दिसतो, मी न बघितलेला.

तेव्हा लोकांना पहिल्यांदाच काहीतरी विचारलंही गेलं. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं. आमचं घर फुलाचं होतं, हे मी लपवत नाही. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत असं आई सांगते. पण त्या महिन्यांत गावोगाव ज्या सभा झाल्या, गाणी झाली, दोन्ही बाजूंनी बायकासुद्धा अंगणात उभ्या राहून वाद घालत होत्या, ते आई डोळे मोठे करून सांगते. हरलो ते हरलो. खिडकीकडे न बघता भांडायला मिळालं. आजही मराठी-कोकणीचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात, आणि मला त्यात कोणाचंच शंभर टक्के पटत नाही. मी घरात कोकणी बोलते, लिहिते मराठीत, दोन्ही माझ्याच गळ्यातून येतात.

मग खाणी. आमचा डिचोली तालुका म्हणजे तांबडी धूळ. काजूच्या पानावर, चहाच्या कपात, न्हाताना कानातून निघायची. आमची माती बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावला जायची, तिथून आधी जपानला, नंतर चीनला. माझ्या भावाचा ट्रक होता. त्याचे मित्र दहावीनंतर सरळ टिपरवर बसले, काही तर दहावीच्या आधी, कारण वर्गात बसून काय मिळणार आणि इथे ट्रिपमागे रोख. खूप हुशार मुलं होती ती, एक जण तोंडी हिशोबात गुरुजींना मागे टाकायचा. कोणाला वाईट वाटलं नाही तेव्हा, मलाही नाही, घरात पैसा येत होता. जमिनीखाली खनिज आहे ना, मग आपल्या अंगात काय आहे ते शोधायची गरजच काय. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, 2018 ला परत बंद. ट्रक अंगणात उभे राहिले, पावसाने गंजले, टायरांत डास झाले. आणि मला राहून राहून जपान आठवायचा. त्यांच्याकडे लोखंडाचं खनिज जवळजवळ नाहीच. दुसऱ्यांची माती बोटीने आणून त्यांनी पोलाद केलं, पोलादाच्या गाड्या केल्या, आणि ती माती आमची होती. आम्ही ती खणून दिली. तो तोंडी हिशोबवाला आता एका हॉटेलात वॉचमन आहे, गाड्यांचे नंबर त्याला सगळे पाठ असतात, मागच्या सीझनचेसुद्धा.

आमच्या मातीत गुण नाही असं कोणी म्हणेल का? फोंड्याच्या बाजूच्या केरीतून केसरबाई, कुर्डीतून मोगूबाई, मंगेशीतून दीनानाथ, सगळी गाणारी माणसं. पण फुलल्या-गाजल्या सगळ्या बाहेर. कलावंतांच्या घरातल्या मुली, देवळात गायचं, उत्सवात नाचायचं, आणि मान कुठलाच नाही. गळा पाहिजे होता समाजाला, गळ्यामागची बाई नको होती. 1977 साली अमेरिकेने अंतराळात यान पाठवलं, त्यात पृथ्वीवरचे आवाज म्हणून जी तबकडी ठेवली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली ती आता. केरीतला गळा. मी हे कोणाला सांगितलं की लोक अभिमानाने मान हलवतात, मीही हलवते, आणि मग आतून काहीतरी टोचतं की इथून निघून त्यांना मुंबईपर्यंत जावं लागलं, ते अंतर त्या यानापेक्षा कमी नव्हतं.

मोगूबाईंची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. लहानपणी नाटक कंपनीत गेल्या, आई दहाव्या वर्षी गेली. पुढे आजारपणासाठी सांगलीला राहिल्या होत्या तेव्हा घरात एकट्याच रियाज करायच्या. अल्लादियाखाँसाहेब त्याच रस्त्याने जायचे. एक दिवस थांबले, ऐकलं, आत आले, आणि मी शिकवतो म्हणाले. एवढा मोठा गवई, पुढे निघून गेला असता तर कोणाला काही कळलंही नसतं, मोगूबाईंनाही नाही. आणि मोगूबाई नसत्या तर त्यांची लेक किशोरीताई आमोणकर कुठून. मी एकदा मे महिन्यात कुर्डीला गेले होते. साळावली धरणाखाली गाव बुडालंय, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, जोती, विहिरींची तोंडं, तुळशीवृंदावनं, सगळं चिखलाच्या भेगाळ थराखाली. तिथले जुने लोक सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. एका म्हाताऱ्याने एका जोत्याकडे बोट दाखवून सांगितलं, हे मोगूबाईंचं घर. चिरे तेवढे उरले होते. मी चपला काढून उभी राहिले, पाय भाजत होते. शेजारी एक बाई आपल्या नातवाला दाखवत होती, इथे आमची चूल, इथे न्हाणी, आणि तो पोरगा मोबाईलमध्ये बघत होता, आणि तरी मध्येच त्याने वाकून चुलीच्या जागेवरची माती उचलली आणि हाताने चोळून बघितली.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, हात पसरून बाईवर वाकलेला, लहान मुलं घाबरतात त्याला. कांदोळीचा हा माणूस पाद्री झाला, लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोरची बडी माणसं बघून त्याची वाचाच बसली. खाली बाप बसला होता, तो हळूच कोकणीत म्हणाला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. आणि पोराचं तोंड सुटलं. ही गोष्ट गोव्यात सगळे सांगतात, मीही शंभरदा ऐकली होती, आणि शंभरदा ती मी मुलाची गोष्ट म्हणून ऐकली. नाटकानंतर पहिल्यांदा लक्षात आलं की बाप प्रॉम्प्टर होता. कुजबुज होती ती. पुढे 1813 साली पॅरिसमध्ये फारिया संमोहनावर जाहीर व्याख्यानं द्यायला लागले तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की ताकद झोपवणाऱ्याच्या हातात नसते, जो झोपतो त्याच्या स्वतःच्या मनात असते, समोरचा फक्त वाट करून देतो. मला वाटतं हे ते पॅरिसला शिकले नसणार, ते त्या प्रवचनाच्या व्यासपीठावर शिकले असणार, बापाकडून.

आणि तरी माझा गुंता सुटत नाही. कारण वाट करून देणाऱ्याचं काय? आबांच्या अक्षरांवर एकतीस वर्षांत किती पोरं उभी राहिली. शेतावर जाणारी, बँकेत कॅशियर असलेली, नुसती उनाड. स्टेजवर एकदा उभं राहिल्याने त्यातल्या कितीतरी जणांची कंबर आयुष्यभर ताठ झाली, एक तर आज सरपंच आहे. ते सगळं आबांचंही नाही का? आहेच. पण मला ती सुटका दिसते परत.

मी ज्या ऑफिसात काम करते तिथे दहा वर्षांपूर्वी मी एक साधी गोष्ट लिहून दिली होती. लोक एका कागदासाठी चार-चार फेऱ्या मारतात, तर काय काय लागतं ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून द्यायचं, एवढंच. वरिष्ठांनी वाचलं, कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, तुमचं टेबल तुम्ही सांभाळा. रागावून नाही, अगदी नेहमीच्या आवाजात. त्यानंतर मी काही लिहून दिलं नाही. सुचत होतं, सुरुवातीला तर रोज सुचायचं, मग आठवड्याने, मग सुचेनासंच झालं. मला ते कळलंसुद्धा नाही कधी थांबलं. गेल्या वर्षी एक नवीन मुलगी लागली, तिने मला विचारलं, मॅडम, आपण हे असं का करतो, असं केलं तर? आणि माझ्या तोंडून काय निघालं, "साहेबांना आवडायचं नाही." बोलून झाल्यावर मी माझाच आवाज ऐकला. खाली आलेला होता. मी दाराकडे बघून बोलले होते, आजोबा खिडकीकडे बघायचे तसं.

त्या मुलीला नंतर मी बोलावलं, माफी मागितली, आणि दोघींनी मिळून ती चिठ्ठी परत लिहिली. साहेब आता वेगळे आहेत. अजून उत्तर आलेलं नाही. घरी मात्र मी मुलीला "हळू बोल, शेजारी ऐकतील" म्हणायचं बंद केलंय, तोंडावर येतं आणि मी गिळते. ती खूप मोठ्याने बोलते. बोलू दे.

होळी झाल्यावर, काजूच्या दिवसांत, मी संध्याकाळी स्कूटरवरून घरी येत होते. आमच्या वाटेवर आबांचा काजूचा डोंगर लागतो. बोंडू पिकले होते, तो गोड-आंबूस वास इतका दाट की घशाशी येतो, कुठेतरी फेणीची भाटी पेटली होती, त्याचा धूर खाली उतरत होता. वळणावर मला आवाज आला. आधी वाटलं कोणी भांडतंय. मग शब्द कळले. सरदाराचं भाषण होतं, तिसऱ्या अंकातलं, ज्याच्या शेवटी मी त्याच्या पायाशी बसते. मोठ्याने. फाटका आवाज, चढावर चिरकत होता, मध्येच खोकला, मग परत त्याच वाक्यापासून सुरू. दुसऱ्यांदा जरा वर गेला. मी नकळत गाडी बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून.

इंजिन थांबल्याबरोबर वरचा आवाज थांबला.

मी उभी राहिले. झाडांतून पांढरा शर्ट दिसत होता, हलत नव्हता. एक बोंडू टपकन पडला. मला हाक मारावीशी वाटली, वर जावंसं वाटलं, माझं पुढचं वाक्य टाकावंसं वाटलं. मग मी गाडी चालू केली, मुद्दाम जोरात रेस केली, आणि वळणापर्यंत हॉर्न वाजवत गेले, मी गेले हे त्यांना वरती नीट कळावं म्हणून.